थोरली, धाकटी आणि कचऱ्याची गाडी

आईने स्वच्छता खात्याकडे पुन्हा तक्रार केल्याचं मला ऑफिसात कळलं. तक्रार अशी, की आमच्या गल्लीत येणाऱ्या कचऱ्याच्या गाडीच्या कर्ण्याचा आवाज कोणीतरी मुद्दाम कमी केला आहे. पहिल्या तक्रारीनंतर खात्याने कर्णा तपासला होता. दुसरीनंतर बदलला होता. या वेळी एक सद्गृहस्थ आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले, गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, आणि आवाज नियमापेक्षा थोडा जास्तच भरतो असं नम्रपणे सांगून गेले. आई म्हणाली, त्यांचं यंत्र बिघडलंय.

माझ्या आईला ऐकू येईनासं झालंय. हे वाक्य आमच्या घरात मोठ्याने म्हणायची सोय नाही, आणि हळू म्हणून उपयोग नाही.

आता कर्ण्याचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्याकडे, म्हणजे दक्षिण तैवानातल्या आमच्या गावात (गावाचं नाव सांगत नाही, कारण स्वच्छता खात्यात माझं अजून येणं-जाणं आहे), कचरा जमिनीला टेकवायचा नाही असा कायदा आहे. संध्याकाळी गाडी गाणं वाजवत येते. आपण आपली पिशवी घेऊन उभं राहायचं आणि स्वतःच्या हाताने ती गाडीत फेकायची. चुकलात, तर माशांची डोकी तुमच्याच घरी मुक्कामाला. उन्हाळ्यात असा पाहुणा ठेवून बघा.

आणि आमच्या गल्लीत गाडी चुकायची नाही, कारण आमच्या गल्लीत आई होती. गाडी अजून देवळापाशी असतानाच तिला गाणं ऐकू यायचं. मग ती स्टीलचं झाकण आणि पळी घेऊन बाहेर पडायची आणि ठणाणा करत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. "आली रे आली! वेइ, टीव्ही बंद कर आणि विजार चढव! त्सेंगबाई, गिऱ्हाईक राहू दे डोकं भिजवून, पिशवी आण आधी!" सगळी गल्ली तिला चुआंग आमा म्हणते, आमा म्हणजे आजी. पण तिचा खरा हुद्दा आजीपेक्षा मोठा होता. वॉर्डप्रमुख फांग दर निवडणुकीला सगळ्यात आधी तिच्या पाया पडायचे ते काही उगाच नाही.

मग एक दिवस गाडी आली आणि गेली, आणि आई आत आलं सोलत बसली होती. सगळ्या गल्लीच्या पिशव्या राहिल्या. कोणी तिला एक अक्षर बोललं नाही. बोलले असते तर तिने भांडून घेतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून लोक आपापल्या खिडक्या उघड्या ठेवून स्वतःच कान देऊ लागले, आणि आई दुपारपासून दारात खुर्ची टाकून गल्लीच्या कोपऱ्याकडे बघत बसू लागली. झाकण मांडीवर. मला ते बघवेना.

मी पोटासाठी अ‍ॅप बनवतो. मनात म्हटलं, हे तर आपल्याच हातातलं काम. प्रत्येक गाडी कुठे आहे ते आमची नगरपालिका दर क्षणाला जाहीर करत असते. गाडी देवळापाशी आली, की आईच्या कमरेच्या बटव्यातला फोन थरथरेल, आई झाकण उचलेल, आणि जग पूर्वीसारखं चालू लागेल. दोन रविवारांचं काम, असं मी बायकोला सांगितलं. यू-थिंग माझी बायको असल्यामुळे नुसती हसली.

इथे मला दोन कंपन्यांबद्दल सांगणं भाग आहे. जगातले सगळे फोन या दोघींनी वाटून घेतलेत. नावं घेत नाही, दोघींचे वकील फार आहेत. थोरली आणि धाकटी म्हणू. एका घरात नांदणाऱ्या दोन जावा समजा, चुली वेगळ्या, भांडी वेगळी, आणि एकीच्या भांड्याला दुसरीचं झाकण बसू नये याची दोघींनी घेतलेली काळजी मात्र अगदी सारखी. थोरलीचे फोन महाग. तिच्या घरात जे जे शिरेल ते तिच्याच दारातून, तिने वरून खालपर्यंत न्याहाळल्यावर. धाकटीचं दार जरा सैल, पण आत गेल्यावर ओसरीवर किती दिवस बसवून ठेवील याचा नेम नाही. आमच्या ऑफिसात पाण्याच्या मशिनच्या डावीकडे थोरलीवाले बसतात आणि उजवीकडे धाकटीवाले. तिकडची माणसं इकडे पाणीसुद्धा प्यायला येत नाहीत, मशीन मधोमध आहे म्हणून बरं.

मी उजवीकडचा. आईचा फोन थोरलीचा.

यावर उपाय सोपा होता. मी धाकटीचा कोरा करकरीत फोन आणला आणि आईपुढे ठेवला. आईने तो हातात न घेता बघितला.

"हा कुणाला?"

"तुला. जुना झाला ना तुझा."

"माझा फोन सुनेने दिलाय. तिच्या स्वतःच्या वापरातला. मी तो टाकून तुझा घेतला तर तिला काय वाटेल?"

"मला काही वाटणार नाही, आई," यू-थिंग आतून म्हणाली. पण हे ती ज्या आवाजात म्हणाली त्यावरून मी लग्नाच्या इतक्या वर्षांनी जे शिकलोय ते शिकलोय. शिवाय त्या फोनात देवळाच्या भजनी बायकांचा ग्रुप होता, आणि रोज सकाळी एकमेकींना पाठवायची कमळांची चित्रं होती. नवा फोन माझ्याच गळ्यात पडला.

म्हणजे थोरलीचं अ‍ॅप हवं. थोरलीचं अ‍ॅप लिहिणं मला येत नाही. ते येतं लुओ बाईंना. लुओ बाई डावीकडच्या गटाच्या प्रमुख, आणि गेल्या मेजवानीत त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या एका अ‍ॅपच्या पडद्याला सरकारी दवाखान्याची भिंत म्हटलं होतं. मी पाण्याच्या मशिनपाशी तीनदा पेला भरला, तेव्हा कुठे पलीकडे पाऊल पडलं.

"कुणासाठी आहे हे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. झाकणाचं, पळीचं, खुर्चीचं, सगळंच सांगितलं. त्यांनी माझ्या हातातला पेला काढून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "नुसती थरथर नको. त्या वयात बटव्यातली थरथर आणि पोटातली गुरगुर सारखीच वाटते. दोन लांब, एक आखूड अशी ठेवू. करते मी."

माझे डोळे भरून आले.

"पण एक अट आहे. सोमवारच्या बैठकीत उभं राहून म्हणायचं, की थोरलीचं काम धाकटीपेक्षा नीटनेटकं असतं."

"लुओ बाई!"

"मोठ्याने."

मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो. उजव्या बाजूने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देश विकलाय. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडच्यांनी कांद्याच्या पातीची पोळी मागवली की माझ्यापुरती मोजायला विसरत. आईसाठी माणूस काय काय गिळतो, असं मी स्वतःशी म्हणत डबा खायचो.

इथवर हे गुपित होतं. पण यू-थिंग त्सेंगबाईंच्या पार्लरमध्ये केस कापून घेताना एक वाक्य बोलली, आणि तासाभरात वॉर्डप्रमुख फांग यांनी वॉर्डाच्या ग्रुपवर टाकलं: "नागरिकांच्या सोयीसाठी कचरागाडी-सूचना अ‍ॅप लवकरच. आपला सेवक, फांग." सोबत अंगठा दाखवणारा त्यांचा फोटो. निवडणूक जवळ होती. संध्याकाळी ते स्वतः घरी आले, पेरूची पिशवी घेऊन.

"चुआंगसाहेब, अ‍ॅप उघडलं की पहिलं काय दिसणार?"

"नकाशा."

"नकाशा लोकांना पाठ आहे हो. तिथे एखादा चेहरा असावा. विश्वासाचा."

मी पेरू परत केले. ते म्हणाले, पेरू राहू द्या, चेहऱ्याचं बघा.

आता अ‍ॅप आईपुरतं राहिलं नव्हतं. गल्लीत अर्धे फोन धाकटीचे, ते लोक म्हणाले आमचं काय. माझ्या बाजूचं मी सहज करू शकत होतो, आणि ऑफिसात गेलेली अब्रू गल्लीत तरी परत मिळवावी असंही वाटलं. पण धाकटीचा नियम असा, की तिच्या फोनमधल्या दुकानात मांडण्याआधी डझनभर खऱ्या माणसांनी दोन आठवडे अ‍ॅप रोज वापरून दाखवलं पाहिजे. एकही माणूस गळला, की ओसरीवर पुन्हा पहिल्यापासून बसा.

तुम्ही कधी आपल्या गल्लीतली बारा माणसं दोन आठवडे एका गोष्टीला बांधून ठेवायचा प्रयत्न केलाय? करू नका. वेइ काका निवृत्त बसचालक. त्यांचं म्हणणं, गाडी वळणावर कशी येते ते नकाशा चुकीचं दाखवतो, आपण चालवली असती तर अशी आणली नसती. त्यांनी रागावून अ‍ॅप काढून टाकलं. दिवस पुन्हा सुरू. मटणवाल्याला कचऱ्याबरोबर आलं-लसणाचे भावही हवे होते. कोणाला लॉटरीचे निकाल हवे होते. वेइ काकांना पेरू देऊन परत आणलं (फांगांचेच पेरू), तोवर मटणवाला आपल्या मुलीकडे तैपेईला निघून गेला. दिवस पुन्हा सुरू. मी रोज ऑफिसला निघताना दारोदार विचारत जायचो, "उघडलंत का आज?" आणि लोक आतून ओरडायचे, "उघडतो रे बाबा, तोंड तरी धुऊ दे!" माझ्या मावशीने हे ऐकलं आणि आईला म्हणाली, "एवढं शिकवलंस, आणि शेवटी गेला कचऱ्यातच."

तिकडे लुओ बाईंनी थोरलीचं अ‍ॅप केव्हाच तिच्याकडे तपासायला पाठवलं होतं. ते परत आलं. तपासणाऱ्याने लिहिलं होतं: "आपले अ‍ॅप गाडी येण्याची वाट पाहते. आम्ही आमच्या कार्यालयात वाट पाहिली. गाडी आली नाही."

तपासणारा माणूस कुठल्या देशात बसला होता कोण जाणे. त्याला बिचाऱ्याला गाडी कुठून दिसणार? आम्ही एक बटण टाकलं, "माझ्याकडे गाडी नाही". ते दाबलं की गाडीचं चित्र येऊन गाणं वाजायचं. पुन्हा परत आलं. या वेळी प्रश्न असा: "आपण गाडीचा ठावठिकाणा उघड करता. गाडीची संमती घेतली आहे का?"

मी स्वच्छता खात्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी प्रश्न दोनदा वाचला.

"गाडीची संमती म्हणजे?"

"गाडीला चालेल का, असं."

"गाडी पालिकेची आहे. पालिकेची संमती साहेब देतात. साहेबांना गाडीच्या वतीने बोलता येतं का ते विचारावं लागेल. तुमचं नाव काय म्हणालात?"

"चुआंग."

"कर्ण्यावाल्या आमा तुमच्या कोण?"

मी म्हणालो, कोणी नाही. तिथून बाहेर पडताना मला स्वतःची इतकी लाज वाटली, की अर्ध्या जिन्यावरून परत गेलो आणि म्हणालो, "आई आहे माझी." बाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचं नाही का! आमच्या सगळ्यांना माहीत आहेत त्या. फोनवर इतक्या गोड बोलतात, फक्त आमचं काही ऐकून घेत नाहीत." संमती दुसऱ्या दिवशी घरपोच आली.

ऑफिसात मात्र लुओ बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या यंत्रावरची, म्हणजे संगणकावरची, हिरवी पुडी त्यांनी उचलली. आमच्या धंद्यात प्रत्येक यंत्रावर नारळी चवीच्या खाऊची हिरवी पुडी ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, आणि ताजी हवी. यावर डाव्या-उजव्या दोन्हीकडच्यांचं एकमत आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे एवढ्या एकाच गोष्टीवर.

"चुआंग, तारीख बघितलीस हिची?"

पुडी शिळी होती. वर्षभर शिळी. सगळं ऑफिस माझ्याकडे बघत राहिलं. थोरलीने अ‍ॅप का परत केलं, याची आता कोणालाच शंका उरली नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. यू-थिंगला फोन करून सांगितलं, येताना आण. तिने पिवळी आणली, हिरवी संपली होती म्हणून. पिवळी! यंत्रावर पिवळी ठेवणं म्हणजे मांजरीला आडवं जायचं आमंत्रण. मी सबंध गावात हिरवी शोधत फिरलो.

आणि या धावपळीत बारा जणांचे दोन आठवडे एकदाचे भरले, आणि धाकटीने अ‍ॅप मांडलं. माझं अ‍ॅप! दुकानात, सगळ्यांदेखत! मी आनंदात वॉर्डाच्या ग्रुपवर कळवलं, चाचणीत बंद ठेवलेली थरथर आता सुरू. हा आनंद कोणाला महागात पडणार हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

त्या संध्याकाळी मी लवकर घरी आलो होतो. आई दारात खुर्चीवर होती, मान गल्लीच्या कोपऱ्याकडे. गाडी अजून दिसत नव्हती, ऐकूही येत नव्हती, मलासुद्धा. आणि एकाएकी वेइ काकांचं शटर वर गेलं. काका बाहेर, पिशवी हातात. पलीकडचे दोघं बाहेर. धाकटीचे सगळे फोनवाले बाहेर. आई गोंधळून उठली. झाकण हातात, पळी हातात, आणि वाजवायचं कुणासाठी?

"आज उशीर झाला का आमा?" वेइ काका हसून म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. पण म्हटल्यावर त्यांनी आईचा चेहरा पाहिला, आणि त्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

"उशीर कसला," आई म्हणाली. "कधीचं ऐकलं मी. म्हटलं, बघू तरी तुम्ही आपले आपण येता का."

ती आत गेली. जेवताना मासा तिने चिवडला नुसता. झाकण तिने घासून, पुसून कपाटात ठेवलं, वरच्या फळीवर, जिथे आम्ही सणावाराची भांडी ठेवतो. मला वाटलं, मी आईला मदत करायला निघालो आणि तिची नोकरी खाल्ली. कोणत्याही यंत्राने मला इतकं मूर्ख ठरवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थोरलीचं तिसरं पत्र आलं. संमती मिळाली, आता प्रत्यक्ष वापराची चित्रफीत पाठवा. मला एकदम सुचलं. चित्रफितीत आई हवी. तिचा फोन थोरलीचा, अ‍ॅप थोरलीचं, आणि झाकण तिचं. लुओ बाईंनी तपासणीपुरतं अ‍ॅप आईच्या फोनात आणून दिलं.

"आई, हे कमरेला ठेव. गाडी देवळापाशी आली की थरथरेल. दोन लांब, एक आखूड."

"मला ऐकू येतं."

"माहीत आहे गं. पण परदेशातल्या साहेबाला दाखवायचंय. त्याला नाही ना ऐकू येत."

हे तिला पटलं. झाकण फळीवरून खाली आलं. तिने निळ्या फुलांची सदरा-विजार घातली, आणि त्सेंगबाईंकडे जाऊन केस फुलवून घेतले.

मी घरोघर जाऊन सांगितलं: फोन थरथरला तरी बाहेर यायचं नाही. पिशवी घेऊन दाराआड थांबायचं. आईने हाक मारली की मगच. फक्त आजच्या दिवस, चित्रफितीसाठी.

"आणि गाडी गेली तर?" वेइ काकांनी विचारलं.

"नाही जाणार."

"मी चालवली असती तर गेली नसती," काका म्हणाले, पण शटर ओढून घेतलं.

पहिल्या प्रयत्नात गाडीचा चालक केस नीट करायला थांबला. दुसऱ्या दिवशी फांग मध्येच पिशवी न घेताच चालत आले आणि अंगठा दाखवून उभे राहिले. मग बुधवार आला, बुधवारी गाडी येत नाही, हे सगळ्या गल्लीत एकाच्याही लक्षात नव्हतं. पण गुरुवारी सगळं जुळलं. आईने बटव्यावर हात ठेवला, तिचे डोळे मोठे झाले, आणि ती अशी उठली जशी कित्येक महिन्यांत उठली नव्हती. ठण ठण ठण! "आली रे आली! वेइ, विजार!" आणि दारं उघडली, आणि सगळी गल्ली पिशव्या घेऊन तिच्यामागे. कॅमेरा धरलेली यू-थिंग रडत होती, त्यामुळे शेवटचा भाग जरा हलला आहे.

थोरलीने अ‍ॅप मांडलं. सोबत एक शेवटची शंका होती: "चित्रफितीत झाकण वाजवणाऱ्या वृद्ध महिला या अ‍ॅपचा भाग आहेत का? असल्यास वर्णनात तसा उल्लेख करावा." लुओ बाईंनी मला न विचारता उत्तर पाठवलं होतं: "हो."

तरी त्या संध्याकाळी मला धडकी भरली होती. चित्रफीत संपली होती. आता थोरलीचे फोन, धाकटीचे फोन, सगळे एकाच क्षणी थरथरणार. सगळ्यांना सगळं कळणार. आई जागेवरून उठेपर्यंत गल्ली भरलेली असणार, आणि या खेपेला दोन्हीकडचे लोक तिच्या आधी असणार. मी तिच्या खुर्चीमागे उभा राहिलो. 

माझा फोन थरथरला. आईने बटव्यावर हात ठेवला.

गल्ली रिकामी.

मी कोपऱ्याकडे बघितलं, दारांकडे बघितलं. एक कडी वाजली नाही. आधी वाटलं अ‍ॅप बंद पडलं, पुडी पुन्हा शिळी झाली की काय. मग माझं लक्ष वेइ काकांच्या शटरकडे गेलं. शटर जमिनीपासून वीतभर वर होतं. खालून निळ्या सपाता दिसत होत्या, आणि शेजारी गाठ मारलेली पिशवी, जमिनीला न टेकवता, हवेत धरलेली. समोर त्सेंगबाईंच्या दाराच्या जाळीआड गुलाबी सपाता, आणि त्यांच्यामागे डोक्याला रंग लावलेलं एक गिऱ्हाईकसुद्धा. पुढच्या दाराआड फांग. वरच्या गच्चीत मुलीकडून परत आलेला मटणवाला, पिशवी छातीशी धरून, श्वास रोखून. प्रत्येक दाराआड फोन थरथरत होते, त्यांचा बारीक घुं घुं आवाज मला इथे ऐकू येत होता. कोणी हलत नव्हतं. थोरलीवाले नाहीत आणि धाकटीवालेही नाहीत. हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. माझं सांगणं त्या गुरुवारीच संपलं होतं.

आई उठली. ठण ठण ठण!

"आली रे आली! वेइ, विजार चढव! त्सेंगबाई! अगं कुठे मेली सगळी?"

आणि दारं धाडधाड उघडली. सगळे असे धावले की जणू आत्ताच झोपेतून उठवलंय. वेइ काका तर सपाता उलट्या घालून आले, मुद्दाम. "बरं झालं आमा, हाक मारलीत. मी आपला टीव्हीत गुंग." त्सेंगबाई म्हणाल्या, "मला बाई कळलंच नाही!" गाडी अगदी तोंडाशी येऊन ठेपली होती, चालक वरून खेकसला, "सगळ्यांकडे फोन आहेत ना? मग दरवेळी शेवटच्या क्षणी काय धावता?" 

परत येताना आई माझ्या हाताला धरून चालत होती. झाकण काखेत, गाल लाल. तिने मला जवळ ओढलं आणि तिच्या मते हळू आवाजात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, सांगितलं:

"आ-रन, एक बघितलंस का? ही सगळी माणसं बहिरी होत चाललीयत रे. गाडी नाकापर्यंत येते तरी एकाला ऐकू येत नाही. मी हाक मारेपर्यंत हलत नाहीत बिचारी."

"हो गं आई."

"उद्या त्या खात्यात फोन लाव. कर्ण्याचा आवाज वाढवा म्हणावं. मला नको, मला येतं ऐकू. यांच्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला पोचल्यावर मी पहिलं काम तेच केलं.